सोळा म्हणजे काळा

माझे केस काळे आहेत. म्हणजे त्या दिवशी तरी होते. भाषणाच्या आदल्या रात्री न्हाणीघराला आतून कडी लावून मी ते स्वतःच्या हातानं काळे केले होते. त्यामुळे लॅपटॉपवर माझं डोकं विझलेल्या चुलीसारखं राखाडी दिसलं, तेव्हा दोष डोक्याचा नसून यंत्राचा आहे याची मला जेवढी खात्री होती, तेवढी जगात दुसऱ्या कुणाला असणं शक्य नव्हतं.

भाषणाचा विषय ‘साधेपणा’ होता, हे इथेच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं.

तालुक्याच्या गावची व्याख्यानमाला, ऐन संक्रांतीच्या आठवड्यातली. हल्ली सगळ्याच व्याख्यानमाला यूट्यूबवर थेट दाखवतात, तशी हीही दाखवली. एक तास दहा मिनिटांच्या त्या भाषणातली मला फक्त सात मिनिटं हवी होती. त्यात तीनदा टाळ्या आहेत आणि एकदा सभागृह खरोखर हसलेलं आहे. भाचा म्हणाला, “मामा, आयोजकांना फोन कर आणि फाइल माग.” आता साधेपणावर बोलून आलेल्या माणसानं ‘माझ्या टाळ्या जरा पाठवून देता का?’ असं कुठल्या तोंडानं विचारायचं? त्यापेक्षा मी बाराशे रुपये मोजून, चालू चित्र लॅपटॉपमध्ये उतरवून घेणारं एक कॅप्चर कार्ड आणलं. टीव्हीच्या स्टिकवर भाषण लावायचं, स्टिकची वायर स्प्लिटरमध्ये घालायची, स्प्लिटरची एक वायर टीव्हीला, दुसरी कार्डाला आणि कार्ड लॅपटॉपला. कुणापुढं हात पसरायला नको. (कुणाचे सिनेमे आणि मालिका अशा उतरवायला गेलात तर नुसता काळा पडदा दिसतो. तो बिघाड नव्हे, कुलूप आहे, आणि ते असायलाच हवं. मला माझंच हवं होतं.)

टीव्हीवर मी झकास दिसत होतो. लॅपटॉपवर तोच मी, त्याच क्षणी, खिडकीत वर्षभर टांगलेल्या दिनदर्शिकेसारखा दिसत होतो. सदरा मळका, पडदा धुरकट, केसांचं तर सांगितलंच. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चेहरा उजळला होता. लहानपणापासून ‘सावळा आहे पण तरतरीत आहे’ यातला ‘पण’ ऐकत मोठा झालेला माणूस मी. त्या फिकट चित्रात मी जवळजवळ गव्हाळ दिसत होतो. केस वाचवायचे तर रंग जातो आणि रंग ठेवायचा तर केस जातात, अशा पेचात मी दोन दिवस काढले. तेवढ्यात बायको मागून डोकावली आणि म्हणाली, “अहो, हे अध्यक्ष होते का?”

पण तिढा सुटला तो आईमुळं. ती पहिल्या रांगेत बसली होती. कॅमेरा एकदा तिच्यावरून फिरला तशी ती लॅपटॉपच्या अगदी जवळ आली, चष्मा वर करून बघत राहिली आणि म्हणाली, “अरे, ही साडी एवढी विटलीय? आणि मी ती नेसून चारचौघांत बसले?”

ती काळी चंद्रकळा होती. तिच्याबद्दल नंतर.

मी तिला सांगितलं, साडी नाही गं, चित्र विटलंय. तिचा विश्वास बसला नाही. कपडा विटतो, पितळ काळवंडतं, दूध नासतं, पण चित्र विटतं म्हणजे काय? मलाही ते सांगता येईना. म्हणून मी जे सगळेच करतात ते केलं. ब्राइटनेस खाली ओढला, कॉन्ट्रास्ट वर ओढला, रंग वाढवले. सदरा सुधारला की चेहरा शेंदूर फासल्यासारखा व्हायचा, चेहरा सुधारला की मागची भिंत निळी पडायची. दोन संध्याकाळी गेल्या. घरातले लोक येता-जाता विचारत होते, “दिसतंय ना? मग झालं तर.”

या ‘दिसतंय ना’चा मला मनापासून राग आहे. गळक्या नळाखाली बादली ठेवून ‘चालतंय ना’, चुकीचं नाव छापलेल्या पत्रिकेवर ‘कळतंय ना’, आणि आईची काळी साडी राखाडी झाली तरी ‘दिसतंय ना’. नाही दिसत! जे आहे ते दिसत नाही आणि जे नाही ते दिसतंय, याला दिसणं म्हणत नाहीत. असं मी बराच वेळ आणि बराच मोठ्यानं बोललो. त्या रागात केसांचा वाटा किती आणि साडीचा किती, हे कृपा करून विचारू नका.

शेवटी भाच्यानं एका वाक्यात पहिला गुन्हेगार पकडून दिला. “मामा, तुझी स्टिक सगळंच एचडीआरमध्ये पाठवतेय.” भानगड अशी की एचडीएमआयची वायर जोडली की स्टिक आधी समोरच्याची पत्रिका मागते. किती रिझोल्यूशन झेपतं, एचडीआर चालतं का, सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या स्प्लिटरनं टीव्हीची पत्रिका दाखवली. टीव्ही चांगला शिकलेला, एचडीआरवाला. गुण जुळले, स्टिक खूश झाली, आणि तिनं टीव्हीसाठी म्हणून जे पाठवलं तेच बाराशे रुपयांच्या कार्डाच्याही गळ्यात पडलं. पत्रिका थोरल्याची, माळ धाकट्याच्या गळ्यात.

त्या बिचाऱ्याला एचडीआर ही नवी पद्धत ओ की ठो कळत नाही. जुन्या पद्धतीत पांढरा म्हणजे साधारण १०० निटचा उजेड, आणि तो पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला. एचडीआरची पट्टी १०,००० निटपर्यंत जाते, त्यामुळे १०० निटचा तोच पांढरा तिथं जवळजवळ मध्यावर येऊन बसतो. जुन्या पट्टीनं हे वाचलं की पांढरा सदरा करडा दिसणारच. रंगांचंही तेच. नव्या पेटीत भडक रंगांना जागा हवी म्हणून साधे रंग आतल्या कप्प्यात सरकवलेले असतात, आणि जुन्या पेटीच्या हिशेबानं उघडले की फिके निघतात. स्टिकच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज म्हणून एक ओळ होती, तिथं ‘कायम एचडीआर’ होतं ते बंद करून जुन्या पद्धतीचं एसडीआर केलं. सदरा पांढरा झाला. भिंत भिंतीच्या रंगाची झाली. आणि माझा गव्हाळपणा गेला.

काळा मात्र आला नाही. साडी अजून पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखी, आणि केस तसेच. इथून पुढची गोष्ट समासाची आहे.

पाचवीला आम्हाला जे गुरुजी होते, त्यांना समासाचं वेड होतं. डाव्या बाजूला दोन बोटं, उजव्या बाजूला एक बोट, पान दुमडून घडी पाडायची आणि घडीच्या आतच लिहायचं. आमच्या घरी वही चार महिने पुरवायची पद्धत होती. बाबा पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब लिहीत. त्यामुळे मी दोन्ही समास वापरत असे, वरची ‘श्री’ची ओळही सोडत नसे. गुरुजींनी एकदा वर्गासमोर वही उंच धरली आणि विचारलं, “या पानात वारा कुठून येणार?” सगळे हसले. मी म्हणालो, “गुरुजी, कागद वाया जातो.” ते म्हणाले, “समास तुझा नाही. तो माझा आहे, आणि पावसाचा आहे.” पावसाचं मला जुलैमध्ये कळलं. दप्तर भिजलं, सगळ्यांच्या वह्यांच्या कडा गळाल्या. बाकीच्यांचे समास गेले. माझा इतिहास गेला. शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले, ते घरी पोचलेच नाहीत. ती ओळ डाव्या कडेला होती. गुरुजींनी मला शिक्षा केली नाही. स्वतःच्या हातानं नव्या वहीची पहिली वीस पानं दुमडून दिली. त्यांच्या नखाखाली कागदाची घडी कशी करकरीत पडायची, ते मला अजून दिसतं. आता हे सगळं कॅप्चर कार्डाच्या लेखात सांगायची गरज नव्हती, पण मी तेव्हाही समास सोडत नव्हतो आणि आताही सोडत नाही.

तर चित्राच्या जगात प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत लिहितात. शून्य काळा, २५५ पांढरा, असं कुणालाही वाटेल. संगणकाचं तसंच आहे, तो पान भरून लिहितो. पण टीव्हीवाल्यांनी समास सोडलेला आहे. त्यांचा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. १९८२ साली सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीनं ६०१ क्रमांकाची शिफारस मंजूर केली, त्यात हे ठरलं. तेव्हा चित्र तारांतून लाटांच्या रूपात यायचं, आणि अंधारातून एकदम उजेडात उडी मारताना ही लाट, थांब्याच्या पुढं जाऊन थांबणाऱ्या एसटीसारखी, जरा पुढं घसरायची. घसरायला जागा हवी म्हणून दोन्ही बाजूंना समास. भिजला तर समास भिजेल, मजकूर वाचेल. त्या समितीत माझे गुरुजी नव्हते, पण असते तर त्यांचं जमलं असतं.

आता तारा गेल्या, लाटा गेल्या, समास राहिला. टीव्ही समजतो की १६ म्हणजे काळा. माझ्या लॅपटॉपमधला ओबीएस हा प्रोग्रॅम समजत होता की शून्य म्हणजे काळा, मग १६ म्हणजे काळ्यापेक्षा जरा उजळ, राखेसारखा. २३५ म्हणजे पांढऱ्यापेक्षा जरा मळका. त्यानं समासालाच मजकूर धरलं होतं. साडी विटली होती ती एवढ्यासाठी.

ओबीएसमध्ये त्या कार्डाच्या नावाखाली कलर रेंज अशी ओळ आहे. पर्याय तीन. आपोआप, लिमिटेड, फुल. मी अर्थातच फुल दाबलं. पूर्ण मिळत असताना मर्यादित कोण घेईल? चित्र ढिम्म हललं नाही, कारण तो आधीपासून फुलच धरून बसला होता. मग मी चिडून लिमिटेड केलं, आणि त्याच रागाच्या भरात स्टिकवर जाऊन तिथं फुल केलं, म्हणजे एक तरी बाजू पूर्ण राहील. आता उलटं झालं. स्टिक पान भरून लिहायला लागली आणि ओबीएस दोन्ही कडा कापायला लागला. आईची साडी, मागची खुर्ची, खुर्चीमागचा अंधार, सगळं एकच झालं. माझे केस तर शिरस्त्राण घातल्यासारखे दिसायला लागले. क्षणभर मला ते बरंही वाटलं.

“मामा,” भाचा म्हणाला, “दोघांनी एकच बोलायचं असतं.” स्टिकही लिमिटेड, ओबीएसही लिमिटेड. पाच दिवसांचं काम पाच सेकंदांत झालं. आता त्या चंद्रकळेबद्दल. दिल्लीचं आशियाड झालं त्या वर्षी, म्हणजे १९८२ सालीच, १५ ऑगस्टपासून आपल्याकडं दूरदर्शन रंगीत झालं, आणि आमच्या चाळीत एका घरी रंगीत टीव्ही आला. आम्ही त्यांच्या उंबऱ्यात बसून बघायचो. मीही घरी येऊन हट्ट धरायचो. बाबांनी हिशेब केला, पाकिटाच्या पाठीवर, आणि आईला म्हणाले, “रंगीत टीव्ही काही आपल्याला परवडत नाही. संक्रांतीला तुला साडी आणतो.” रंगीत टीव्हीच्या ऐवजी त्यांनी काळी साडी आणली. यावरून आई त्यांना पुढची तीसेक वर्षं चिडवत होती.

बाबा गेल्यावर तिनं ती चंद्रकळा ट्रंकेतून काढली नव्हती. काढावी की नाही, कुणी काय म्हणेल, हे तिच्या मनात कितीदा आलं असेल ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझ्या भाषणाला निघताना ती नेसून बाहेर आली आणि म्हणाली, “थंडी आहे रे. काळी ऊबदार असते.” मी तेव्हा आरशात भांग पाडत होतो.

म्हणून पडद्यावर तो काळा परत आला, तेव्हा मी माझ्या केसांकडं थोडा उशिरा पाहिलं. थोडाच. आई बघत होती. कापडाचा काळा आणि अंधाराचा काळा आता वेगवेगळे दिसत होते, निऱ्या मोजता येत होत्या, काठाची जर लुकलुकत होती. ती म्हणाली, “थांबव.” मी थांबवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, पदराच्या जागी, जिथं तिनं एकदा रफू केलं होतं. रफू दिसत नव्हतं. “बरं झालं,” ती म्हणाली.

खरं चित्र आलं की सगळंच खरं येतं. भांगाच्या मुळाशी कलप लागला नव्हता, तेवढी पांढरी रेघ आता कोपऱ्यावरूनही ओळखू येते. शिवाय सभागृह हसतं त्याच क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेवरून फिरतो, आणि आईच्या शेजारी माझी बायको गाढ झोपलेली स्पष्ट दिसते. आधीच्या धुरकट चित्रात ती विचारमग्न वाटत होती. “मी डोळे मिटून ऐकत होते,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. मी कापायला बसलो. पण तो तुकडा काढायचा तर त्याच बारा सेकंदांत आईही जाते. दोघी एकाच चौकटीत आहेत. बराच वेळ मी मागं-पुढं करत होतो. मग तसाच राहू दिला.

सात मिनिटं पूर्ण, आईच्या सांगण्यावरून, नागपूरच्या मावशीला पाठवली. तासाभरात तिचा फोन आला. स्पीकर चालू होता.

“अगं, चंद्रकळा अजून तश्शीच आहे! काल घेतल्यासारखी काळीभोर,” मावशी म्हणाली. “फक्त ते मागं सारखं बडबडतंय कोण?”