तीन पायांचा बाक

'स्थानार्थी श्रीकुट्टन' या मल्याळी सिनेमामुळे २०२५ मध्ये केरळातल्या काही शाळांनी बाक अर्धगोलात मांडले. शेवटचा बाकच बाद! इकडे छत्रपती संभाजीनगरात बाक आधी जडसंग्रह नोंदवहीत बसतो, मग वर्गात. त्याला बाद करायचे तर निर्लेखनाचा आदेश हवा. तोवर तो तीन पायांवर, भिंतीला टेकून, शंभर टक्के हजर. (पोरांना ही हजेरी जमत नाही.) गणित पेटीचे तर विचारूच नका. मणी हरवले तर भरून कोण देणार? म्हणून पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात. तपासणीला साहेब आले की सगळे साहित्य रुखवतासारखे टेबलावर मांडायचे. बघा, हात लावू नका. मणी अजून पूर्ण शंभर आहेत.