साऊथ काढलेले आप्पा

बीडमध्ये नवं हॉटेल निघणार असलं की त्याची खबर सगळ्यात आधी आप्पांना लागते. जागेचं भाडं किती ठरलं, डिपॉझिट कुणाकडून उसनं घेतलं, मालकाचा मेहुणा कुठल्या पुढाऱ्याच्या मागे फिरतो, सगळं त्यांना पाठ. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर विस्ताराचं काम त्यांनी खाजगीत चालू ठेवलंय. त्यांचं नाव मी सांगत नाही, गरजही नाही. शाहूनगर घ्या, बार्शी नाका घ्या, नाहीतर माजलगाव, गेवराई, आंबाजोगाई घ्या. तिथल्या गल्लीत एक आप्पा आहेतच. पांढरा सदरा, खिशाला पेन, स्कूटरच्या डिकीत कापडी पिशवी आणि कुठल्याही नव्या हॉटेलाबद्दल ते उघडण्याआधीच तयार असलेलं मत.

मत नेहमी चांगलंच असतं. आप्पांना वाईट मत उघडल्यानंतर सुचतं.

बायपासच्या बाजूला ‘अस्सल दाक्षिणात्य’ अशी पाटी लागली तेव्हा तर त्यांना फारच उकळी फुटली. कारण आप्पांनी साऊथ काढलंय. म्हणजे सहकुटुंब तिरुपती झालं, येताना बेंगळुरूला मुलाकडे मुक्काम झाला, आणि त्या मुक्कामात रोज सकाळी खाली जाऊन उभ्याउभ्या डोसा आणि कॉफी झाली. एवढ्या भांडवलावर गेली कितीतरी वर्षं ते बीडमधल्या प्रत्येक इडलीचा पंचनामा करतात. “मल्लेश्वरमला खाल्लाव का कधी? मग बोलू नका.” ते असं म्हणाले की समोरचा खरंच बोलत नाही. बीडमधून मल्लेश्वरमला डोसा खायला कोण जातो?

शिवाय त्यांच्याकडे इतिहासाचाही आधार आहे. “आवो, आपण मूळचे साऊथचेच. 1956 पर्यंत आपली राजधानी कुठं होती? हैदराबाद! मुंबईवाले आपल्याला इडली शिकवणार?” साल बरोबर आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. फक्त हैदराबादहून आपल्याकडे जे आलं त्यात बिर्याणी होती. इडली नव्हती, हा भाग आप्पा गाळतात. आणि मुंबईवाल्यांनाही इडली उडुपीकडच्या माणसांनीच शिकवली. माटुंग्याला रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालापासून केळीच्या पानावर वाढतंय. एक गोष्ट मात्र मी आप्पांपासून मुद्दाम लपवून ठेवलीय. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘इड्डरिका’ आणि ‘धोसक’ असे दोन पदार्थ येतात. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. आपल्या उमरगा-निलंग्याला लागून. हे आप्पांना कळलं तर ते डोसा थेट मराठवाड्याच्या नावावर चढवतील आणि अनुशेषात त्याची मागणी करतील.

उद्घाटनाला रीतसर फीत कापली गेली. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की हॉटेलाचं नाव एका कोपऱ्यात दोन चेहऱ्यांच्या मधून डोकावत होतं. दाराशी केळीचे खांब, आत देवीचा मोठा फोटो, उदबत्तीचा धूर, वाढप्यांना पांढऱ्या लुंग्या. लुंगीची सवय नसल्याने एक पोरगा डाव्या हाताने ती धरून उजव्या हाताने पाणी ठेवत होता. आप्पांनी हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि जाहीर केलं, “आता बीडला बीड म्हणायचं कारण नाही.”

चौथ्या दिवशी ते आम्हाला घेऊन जेवायला गेले. आम्ही म्हणजे त्यांचं घर, आमचं घर आणि दोन्ही घरांना वाटेत भेटलेले एक सर. टेबलं जोडली. मेनूकार्ड आलं. त्यात साऊथ पहिल्या पानावर संपलं आणि पुढे पनीर टिक्का, मंचुरियन, पावभाजी, शेवभाजी आणि ‘मैसूर चीज शेजवान मसाला डोसा’ हा मैसूरच्या कुठल्याही महाराजांना न सुचलेला प्रकार. आप्पांनी कार्ड मिटलं. “साऊथच्या हॉटेलात कार्ड बघायचं नसतं,” म्हणाले, आणि सगळ्यांसाठी सगळं साऊथ सांगितलं.

ऑर्डर यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मुलांना त्यांनी सांबाराची जन्मकथा ऐकवली: तंजावरला भोसल्यांचं राज्य, गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, मुदपाकखान्यात आमटीला टाकायचं आमसूल संपलेलं, आचाऱ्याने घातली चिंच, आणि झालं सांबार. शहाजीराजे खरे, 1684 ते 1712 ही त्यांची कारकीर्दही खरी. बाकीची दंतकथा. पण स्वयंपाकघरात अजून गॅसच पेटला नसेल तेव्हा ती फार कामाला येते.

मग सांबार आलं. तुरीचं वरण, त्यात लाल तिखट, वर कढीपत्त्याची एक काडी. शेवग्याची शेंग नव्हती. बीड जिल्ह्यात बांधाबांधावर शेवगा आहे, मोसमात शेंगा पाव्हण्याला पिशवी भरून देतात, आणि इथे सांबारात दुधी. आप्पांनी एक चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ गिळला नाही. त्यांच्या घरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, “यापरीस आपली येसर आमटी बरी.” हा त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा अभिप्राय होता, म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

चटणीत खोबरं नव्हतं, डाळवं आणि शेंगदाणे होते. शेंगदाण्याला माझी हरकत नाही; आंध्र-तेलंगणात शेंगदाण्याचीच चटणी इडलीबरोबर मिजाशीत खातात. हरकत साखरेला होती. डोसा तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारासारखा घड्या पडलेला, मधे पांढरा, कडेला काळा. इडली अशी की सरांनी काट्याने दाबली आणि काटाच वाकला. आप्पा प्रत्येक घासाला ‘तिकडे’ काय असतं ते सांगत होते. तिकडे तांदूळ उकडा असतो, तीन वाट्यांना एक वाटी उडीद, चिमूटभर मेथी, दोन्ही वेगळं वाटून रात्रभर आंबवायचं. तिकडे तवा तापला की पाण्याचा हबका मारतात. तिकडे लोणी. तिकडे कॉफीच्या बिया दळून चिकोरी घालून डिकॉक्शन, पितळी पेला, त्याची वाटी, वरून खाली धार. इकडे कॉफी आली ती पावडरची, फेसावर चॉकलेटची भुकटी, सोबत बडीशेप.

खरं सांगायचं तर आप्पा बोलत होते त्यात चूक काही नव्हती. माणूस नुसता फुशारक्या मारणारा असता तर सोपं होतं. बेंगळुरूला रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी डोसा नीट पाहिला होता, आचाऱ्याला हिंदीत प्रश्न विचारले होते, मेथीचं प्रमाण सदऱ्याच्या खिशातल्या वहीत लिहून आणलं होतं. बीडमध्ये डोशाबद्दल इतकी अचूक माहिती असलेला दुसरा माणूस नसेल. अडचण पुढेच होती.

आम्ही हात धुवायला गेलो तेव्हा भटारखान्याच्या दारात आचारी उभा होता. केज तालुक्यातला तरुण पोरगा. पुण्यात एका उडुपी हॉटेलात आधी भांडी, मग पीठ, मग तवा असा चढत गेलेला. गावाकडे येऊन स्वतःच्या हाताने करायचं म्हणून परत आलेला. त्याने आप्पांना ओळखलं, सगळेच ओळखतात. लुंगीला हात पुसत म्हणाला, “आप्पा, खरं सांगा. पीठ जमंना गेलंय. इथं उकडा तांदूळ मिळंना, दुकानदार कोलमच देतो. उन्हानं दुपारीच आंबट होतंय. मालक म्हणतो सोडा घाल. काय करू?”

वही खिशात होती. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “काही कमी नाही लेकरा. एक नंबर झालंय.”

गल्ल्यावर मालकाने विचारलं, “काय आप्पा, कसं वाटलं?”

“बीडला असंच पाहिजे होतं!”

मालकाने बिलातून वरचे पैसे सोडले. आप्पांनी ते नको नको म्हणत सोडू दिले. कारण मालक त्यांच्या चुलत साडूचा पुतण्या. त्याच्या बहिणीचं स्थळ आप्पांनीच सुचवलेलं. आणि पुढच्या महिन्यात आप्पांच्या नातीच्या बारशाला हॉल लागणार होता, तो याच हॉटेलाच्या वरचा. जिल्ह्याच्या गावात जेवणाबद्दल खरं बोलायचं तर आधी नातं तोडावं लागतं, आणि इडलीपायी नातं कोण तोडणार?

सत्य बाहेर आलं ते पानटपरीवर. चुना लागायच्या आत सांबार निकाली निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाणाऱ्यांना डोसा समजला, दुपारी पेन्शनरांच्या बाकावर कॉफी. संध्याकाळपर्यंत बार्शी नाक्याला ‘त्या साऊथवाल्याकडे जाऊ नका’ अशी खबर आप्पांच्या आधी पोचली होती. ज्या दोघांना ती कळायला हवी होती, त्यातला एक गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक का येत नाही म्हणून लिंबू-मिरची बदलत होता आणि दुसरा पिठात सोडा घालत होता.

याला आप्पांचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. ते कुणाचं वाईट चिंतत नाहीत. उलट नव्या हॉटेलाची त्यांच्याइतकी मनापासून वाट कुणी पाहत नाही. 17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली, तेव्हा स्टेशनवर गाडी पाहायला गेलेल्या गर्दीत ते होते, आणि गाडी नगरकडे निघून गेल्यावर ते मला म्हणाले होते, “आता परळीपर्यंत जोडली की सरळ साऊथ. मग बघा इथं काय काय येतं.” त्यांना खरंच वाटतं की एक दिवस गाडीतून उकडा तांदूळ उतरेल, पितळी पेले उतरतील, आणि आपल्याला मल्लेश्वरमची आठवण काढावी लागणार नाही.

साऊथचं ते हॉटेल दिवाळीपर्यंत टिकलं. आचारी पुन्हा पुण्याला गेला. देवीचा फोटो तोच, टेबलं तीच, पाटी मात्र बदलली. आता तिथे दोन्ही वेळा मटण-भाकरी मिळते. आप्पांच्या मते रस्सा पातळ आहे आणि भाकरी आदल्या पिठाची आहे. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलंय, मालकाला अजून नाही.