जुनी पीएलसी फाइल उघडण्याची सोपी पद्धत (फक्त नवशिक्यांसाठी)

पीएलसी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना ठाऊक आहे ते हंगामात फोन उचलत नाहीत.

समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात तुम्ही नुकतेच लागला आहात. दसरा झालाय, बॉयलर पेटलाय, गव्हाणीत मोळी पडायला आठवडा उरलाय आणि एक सेंट्रिफ्युगल ऐन धुण्यावर येऊन अडकतंय. चीफसाहेब तुमच्या हातात एक फ्लॉपी ठेवतात. ‘‘प्रोग्रॅम आहे आपल्याकडे. उघडून बघा.’’ अभिनंदन. तुमचं प्रशिक्षण सुरू झालं.

आधी मशीन समजून घ्या. सेंट्रिफ्युगलच्या जाळीत मॅसेक्विट (साखर आणि मळीचं घट्ट मिश्रण) सोडायचं, वेग वाढवायचा, मळी बाहेर फेकली गेली की साखरेवर गरम पाणी मारायचं, वेग उतरवायचा, मग फाळानं साखर खरवडून खाली पाडायची. यातलं काय कधी आणि किती सेकंद, हे ठरवणारा डबा म्हणजे पीएलसी. आपल्या परभणीचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच साली अमेरिकेत जनरल मोटर्सचे लोक रिले आणि वायरींच्या जंजाळाला वैतागून काहीतरी नवं मागत होते आणि त्यातून मोडिकॉनचा ०८४ हा पीएलसी जन्माला आला. त्याआधीचं सगळं वायरिंग कागदावर असायचं. कागद उलगडला की उघडला. त्याची कुठली आवृत्ती लागते असं कुणी विचारत नसे.

पॅनलचं दार उघडा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण इतकी वर्षं मिरवत आलो, तिचा पुरावा आत बसलेला आहे: सीमेन्सचा सिमॅटिक एस-५. हा १९७९ साली जर्मनीत आला. नव्वदीच्या मध्यात एस-७ आल्यावर तिकडे त्याची निवृत्ती सुरू झाली. आपल्याकडे निवृत्तीचं वय माणसांना असतं, पॅनलला नाही.

आता एक वाईट सवय लावून घ्या: प्रोग्रॅमवर संशय घेण्याआधी त्याला खबर देणारे प्रॉक्झिमिटी स्विच पुसा. पंचवीस वर्षं रोज तेच करणारा प्रोग्रॅम एका रात्रीत विसरत नाही. स्विचवर मात्र मळीचा थर बसतो. पण चीफसाहेबांनी फ्लॉपी दिली आहे, तेव्हा रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला या मार्गानं पुढं जाऊ.

फ्लॉपी नीट बघा. तिनं पत्र्याच्या स्टोअरमध्ये परभणीचे किती मे काढलेत याचा विचार करू नका. खंडेनवमीला पान्यांबरोबर तिचीही पूजा झालेली असते, म्हणून पातं सरकवून आत कुंकू गेलंय का ते पाहा. कोपऱ्यातली बारीक खटकी सरकवून भोक उघडं करा. म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह नांदेडहून मागवा. फ्लॉपी घातली की विंडोज विचारेल, डिस्क फॉरमॅट करू का? इतक्या नम्रपणे विचारलेला इतका घातक प्रश्न दुसरा नाही. ‘नाही’ म्हणा. वाचता आली तर सगळ्यात आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज काढा, एकेक फाइल उचलत बसू नका. (फ्लॉपी सव्वापाच इंची, वाकणारी असेल तर ती परत कुंकवाजवळ ठेवा. तिला यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही.)

फाइलच्या नावात सहा अक्षरं, मग एसटी, मग टिंब आणि एस-५-डी असेल तर तोच तुमचा प्रोग्रॅम. महामंडळाशी त्याचा संबंध नाही, पण वेळापत्रक सारखंच. नोटपॅडमध्ये उघडलीत तर चौकोन आणि हसरे चेहरे दिसतील. शेजारी झेड-झिरो टिंब एस-ई-क्यू अशी फाइल सापडली तर नशीब समजा: ती सिग्नलांच्या नावांची यादी, साध्या मजकुरासारखी बरीचशी वाचता येते. नावं आणि टिपा पीएलसीच्या पोटात नसतातच, फक्त फाइलमध्ये असतात. मशीनमधून उपसलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘इनपुट ३२.०’ एवढंच दिसतं. ते झाकणाचं की पाण्याच्या व्हॉल्व्हचं, हे वायर हातानं चाचपत शोधायचं.

ही फाइल ‘स्टेप ५’ नावाचं सॉफ्टवेअर मागते आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉस मागतात. तुमचा लॅपटॉप ६४ बिटांचा. तो १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही, सरळ हात वर करतो. डॉसबॉक्स वापरून बघता येतं, मात्र ते बनवलंय जुने खेळ खेळायला, साखर गाळायला नव्हे. आभासी मशीनवर एक्सपी चढवता येतं. त्या एक्सपीचाही आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतलाय. पैसे असतील तर जर्मनीतल्याच आयबीएचसॉफ्टेकचं सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर एस-५ उघडतं. इंडेंट भरा. मंजुरी येईपर्यंत हंगाम संपतो.

फाइल उघडून भागत नाही, मशीनशी ताडून बघायची असते. एस-५ चं तोंड १५ पिनांचं, २० मिलीअँपिअरच्या करंट लूपवर बोलणारं. ते बोलणं कॉम्प्युटरला कळेल असं बदलणारी केबल लागते आणि कॉम्प्युटरला खरा सीरियल पोर्ट लागतो. स्वस्तातल्या यूएसबी कन्व्हर्टरला डॉस ओळख देत नाही. असा पोर्ट कारखान्यात एकाच ठिकाणी हमखास असतो: वजनकाट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला. तो मोळी पडायच्या आत न्या नि आणून ठेवा. नंतर उचललात तर ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यापर्यंत जाईल आणि तुम्ही काटा मारायला आला नव्हता हे कुणाला पटवता येणार नाही.

तेवढ्यात पॅनलवर बॅटरीचा दिवा दिसेल आणि नवशिक्याचा हात आपोआप मेन स्विचकडे जाईल. नेमका इथं मागून आवाज येतो, ‘‘ओ साहेब, कामून बंद करायलात? चालू हाय ना ते!’’ हे इलेक्ट्रिकलमधले मामा. त्यांचं ऐका. प्रोग्रॅम रॅममध्ये असेल, तर त्या ३.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवरच तो बंद काळात जगतो. सप्लाय चालू ठेवूनच बॅटरी बदलायची. उलटं केलंत तर फाइल उघडणं हा छंद उरत नाही.

फाइलमधला आणि मशीनमधला प्रोग्रॅम ताडून बघितला की फरक निघणारच. पाणी मारायचा टायमर फाइलमध्ये एक असतो, मशीनमध्ये दुसरा. मधल्या एखाद्या हंगामात साखरेचा रंग उतरेना म्हणून कुणीतरी रात्रपाळीत तो वाढवला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात गेला. अशा वेळी मशीनमधलाच खरा माना, फाइलमधला नाही. आणि हे कुणी केलं, असं मीटिंगमध्ये विचारू नका. मामांना चहाला घेऊन विचारा.

जमलं असेल तर सगळा प्रोग्रॅम छापून घ्या, नावांच्या यादीसकट. गठ्ठा जाड होतो, होऊ द्या. पॅनलच्या दाराला आतून कप्पा असतो, त्यात तो ठेवा आणि पेन दोरीनं बांधा. पेन दोन दिवसांत गायब होईल. दोरी राहील, तिला दुसरं बांधा.