काकूंना मत, पोराला नाही

"काय गं, काल रात्री पावणेबाराला तुमचं फाटक वाजलं. मी काही मुद्दाम जागी नव्हते हं, यांच्या औषधाची वेळ होती."

"तुमच्या कानातून काही सुटायचं नाही काकू. आमचेच चिरंजीव. आणि घसा असा बसलेला की शब्द फुटेना. कुठे होतास विचारलं, तर हातानेच 'उद्या सांगतो' म्हणून झोपायला गेला."

काकूंनी पारिजातकाच्या फुलांची परडी भिंतीवर टेकवली आणि आवाज खाली आणला. "विचारणार नव्हते. पण परवा तो एका मुलीच्या स्कूटरवर बसून आला. मुलगी चालवत होती. हा मागे, आणि हातात ही एवढी लांब लाकडी पट्टी."

"ती त्यांची दिग्दर्शक आहे हो."

"अस्सं! म्हणजे पुरुषोत्तम."

"तुम्हाला कसं कळलं?"

"श्रावणात घसे बसलेली पोरं सदाशिव पेठेत आणखी कशासाठी फिरतात? 1963 पासून चाललंय ते. महाराष्ट्रीय कलोपासकची एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात. पडदा उघडायच्या आधी प्रत्येक कॉलेजची पोरं 'अरे आवाज कुणाचा' म्हणून छप्पर डोक्यावर घेतात. आमचे भाऊजी तिथून यायचे, ते दोन दिवस खुणांनीच जेवण मागायचे. मग, याला काम कसलं मिळालंय?"

"तेच तर दुखणं आहे. मला वाटलं, दोन वाक्यं तरी असतील. कसलं काय, बॅकस्टेज! अंधारात खुर्च्या हलवतो. मी म्हटलं, प्रयोगाला येते, तर म्हणतो, आई, तू येऊन काय बघणार, मी दिसणारच नाही. त्यासाठी दीड महिना लेक्चरं बुडवली. 75 टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देतील का?"

"हजेरीचं बघ बाई, ते खरं. पण अंधारातलं काम हलकं समजू नकोस. दिवे गेले की काही सेकंदांत चाळीतली खोली जाऊन तिथे पोलीस चौकी उभी राहिली पाहिजे. कुणी कुणावर आदळायचं नाही, काही वाजायचं नाही. त्या वेळी तुझ्या पोरावर सगळ्या नाटकाचा भरवसा असतो. घरी तू त्याच्यावर गॅस तरी सोडतेस का?"

"दूध उतू घालवतो तो!"

"तिथे नसेल घालवत."

"पण काकू, बक्षीस नाही, टाळी नाही. पुरुषोत्तमला सगळा मान लेखनाला, दिग्दर्शनाला, अभिनयाला. खुर्ची वेळेवर ठेवली म्हणून कोण करंडक देतं?"

"करंडकाचं काय घेऊन बसलीस! 2022 साली परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणाले. केवढा गदारोळ झाला होता. म्हणून पुढच्या वर्षी पोरं यायची थांबली? जब्बार पटेल आणि मोहन आगाशे दोघेही बी. जे. मेडिकलचे. मुडदे फाडायचे, वॉर्ड करायचे आणि नाटकंही करायची. पुढे 1972 ला एकाने 'घाशीराम' बसवलं आणि दुसरा त्यात नाना फडणवीस झाला. त्यांच्याही आयांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल."

"आमचा काही आगाशे होत नाही."

"नको होऊ दे. त्या नाटकांतही खुर्च्या कुणीतरी हलवल्याच असतील."

वहिनींनी दोरीवरचा टॉवेल उगाचच उलटा केला. मग त्यांना आठवलं. "तुमच्याकडे वरच्या खोलीत बीडची मुलगी राहते ना? सकाळी साडेसातलाच निघते. क्लास बिस लावलाय का?"

"क्लास कसला! विद्यापीठात एम. ए. करते. 'कमवा आणि शिका'त आहे. सकाळी तिथे काम, मग लेक्चर, मग संध्याकाळी जयकर ग्रंथालयात अभ्यास. पहिल्या महिन्यात तिला बागकाम दिलं होतं, आता ऑफिसात फायली लावते. तासावर पैसे मिळतात. ते काही फार नसतात, पण घरून मागायला लागत नाहीत, एवढं तिला पुरे."

"शिकायला आलेल्या पोरीला फायली लावायला लावतात?"

"अगं, कर्मवीर भाऊराव पाटलांची परंपरा आहे ती. 1947 साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते याच तत्त्वावर. फुकट शिकायचं नाही, राबून शिकायचं. पोरगं गरीब असलं तरी त्याची मान खाली जाता कामा नये. आपल्या विद्यापीठातली योजना त्यांच्याच नावाची. ही मला म्हणाली, आजी, मी लावलेल्या फायली आता साहेबांनाही माझ्याशिवाय सापडत नाहीत. काय ऐट होती त्या बोलण्यात! आणि ऐक, तिला अनिकेत कॅन्टीनमध्ये एक मुलगा रोज चहा पाजतो."

"अगंबाई! कोण?"

"परभणीचा. तोही 'कमवा आणि शिका'तला. चहाचे पैसे निम्मे निम्मे देतात. मला आवडलं ते."

"तुम्हाला एवढं सगळं ती सांगते?"

"मी विचारते."

परडी जरा सरकवून काकूंनी कोपर नीट टेकवलं. "आमच्या वेळी चहा नव्हता, सुकडी होती. 1973 ची गोष्ट. एन.एस.एस., म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तेव्हा नवीनच. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 ला सुरू झालं होतं ते, देशातल्या 37 विद्यापीठांत. आणि इथे बहात्तरचा दुष्काळ. दुष्काळाशी लढायला विद्यार्थ्यांनी जायचं अशी मोहीम निघाली. आम्हाला नगर जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर नेलं. मी नारायण पेठेतली, डोक्यावर कधी घागर घेतली नव्हती. पहिल्या पाटीलाच मान लचकली. एका बाईने माझ्या ओढणीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, बाई, आता मान ताठ ठेव, वझं आपोआप बसतं. ती पहाटे मैलोन्‌मैल चालून कामावर यायची. तिचा रोज किती, घरी खाणारी किती, हे ऐकल्यावर मला अर्थशास्त्राच्या पेपरातलं दारिद्र्य वेगळंच वाटायला लागलं."

"आता तसं कुठे राहिलंय? माझा पुतण्या एन.एस.एस.मध्ये आहे. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं शिबिर. पूर्वी त्याचे दहा मार्क मिळायचे, आता नव्या धोरणात क्रेडिट. परवा वृक्षारोपण झालं. रोप एकच, आणि अकरा जणांचे त्याच्याबरोबर फोटो. शेवटच्या फोटोत रोप वाकलंय हो बिचारं!"

काकू इतक्या हसल्या की दोन फुलं परडीतून खाली पडली. "असू दे गं. कांदेपोहे खायला म्हणून आलेला पाहुणाही कधी कधी लग्न ठरवून जातो. क्रेडिटसाठी का होईना, शिबिराला तर जाईल. सात दिवस दुसऱ्याच्या गावात शाळेच्या फरशीवर झोपेल, पन्नास जणांचा भात कच्चा राहिला की काय करायचं ते शिकेल. मला राग येतो तो वेगळ्याचा. या पोरांना कामं सगळी सांगायची. नाटक करा, झाडं लावा, फायली लावा, पालखीच्या वाटेवरचा कचरा उचला. आणि निर्णय घ्यायची वेळ आली की म्हणायचं, तुम्ही लहान आहात."

"आता हे कुठून काढलंत?"

"तुझ्या फाटकातूनच. तालीम रात्री एवढ्या उशिरा का, विचारलंस का त्याला?"

वहिनी जराशा ओशाळल्या. "विचारलं होतं गेल्या आठवड्यात. कॉलेजचा हॉल संध्याकाळी सहालाच बंद होतो म्हणे. मग ही सगळी एका मैत्रिणीच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये तालीम करतात. वॉचमनने आठनंतर आवाज नको म्हटलं, तर मारामारीचा प्रवेश कुजबुजत करायला लागले. मी म्हटलं, कुणाला तरी सांगा की, तुमचा सी.आर. असेल. तर म्हणतो, तो सरांनी मार्क बघून नेमलाय. तो चांगलाच आहे, पण हॉलचं बोलायला घाबरतो."

"घाबरणारच. पोरांनी निवडून दिला असता तर पोरांना घाबरला असता."

"पण कॉलेजातल्या त्या निवडणुका बंद केल्या तेच बरं झालं काकू. मारामाऱ्या, सोडा वॉटरच्या बाटल्या. माझ्या मामांनी सांगितलंय."

"तुझ्या मामांचं खोटं नाही. मुंबईत 1989 साली निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खूनच झाला. लोक हादरले होते. मग 1994 च्या विद्यापीठ कायद्यात मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. पण गंमत बघ, त्याच 1989 साली देशात मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. म्हणजे दिल्लीचं सरकार निवडायला पोरं शहाणी ठरली आणि इथे वर्गाचा प्रतिनिधी निवडायला बिघडलेली!"

वहिनी हसल्या. "आमच्याने गेल्या विधानसभेला पहिल्यांदा मत दिलं. शाई लावलेल्या बोटाचा फोटो आठवडाभर लावून ठेवला होता."

"मग? आमदार निवडला ना त्याने? त्याला वाचनालयाची वेळ काय असावी, हे सांगायला माणूस निवडता येत नाही?"

"पण परत सुरू होणार होत्या ना? पेपरात वाचल्यासारखं वाटतं."

"2016 च्या कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या, कागदावर. खर्चाला लगाम हवा म्हणून लिंगडोह समितीने 2006 सालीच नियम सांगितले होते. उमेदवाराला 5000 रुपयांची मर्यादा आणि हजेरी 75 टक्के हवीच. तुझी लाडकी हजेरी तिथेही आहे. 2019 ला तारखांपर्यंत गाडी आली, तर विधानसभेची निवडणूक आडवी आली, नंतर करोना आला. नाटकातला तिसरा अंक नेहमी पुढच्या वेळी."

"म्हणजे विद्यापीठात पोरांचं ऐकणारं कुणीच नाही?"

"आहे की. मी आहे."

"तुम्ही?"

"म्हणजे माझं मत आहे. मी पुणे विद्यापीठाची पदवीधर आहे ना. अधिसभेवर, त्या सिनेटवर, नोंदणी केलेले पदवीधर दहा जण निवडून देतात. 2022 च्या नोव्हेंबरात झाली निवडणूक. तिथे फुली मारायची नसते, 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. विद्यापीठाचं अंदाजपत्रक त्या सभेपुढे येतं. कॉलेज सोडून मला पन्नास वर्षं होत आली, तरी मला तिथे मत आहे. वरची मुलगी रोज त्याच कॅम्पसमध्ये राबते, तुझं पोरगं पार्किंगमध्ये कुजबुजत मारामारी करतं, आणि त्यांना त्यांचा विद्यार्थी प्रतिनिधी स्वतः निवडता येत नाही!"

"हे भलतंच आहे की हो! नातवंडांच्या शाळेचं आजीने ठरवायचं!"

"ठरवीन की, मला काय! आता तू सांग, तू कुणाला मत दिलंस?"

वहिनींनी टॉवेल परत सुलटा केला. "मी कुठे नोंदणी केलीय?"

"बी.कॉम. आहेस ना?"

"आहे. फर्स्ट क्लास."

"मग इतकी वर्षं काय केलंस? आत्ता मघाशी म्हणालीस, ऐकणारं कुणी नाही. पोरांना मत नाही म्हणून ती गप्प. तुम्हाला मत आहे, तर तुम्ही घरी. मग सिनेटवर जायचे ते जातात."

"अहो, पण कुणी सांगितलंच नाही. यांनीही नाही केलेली. आणि डिग्री कुठे ठेवलीय देव जाणे."

"लग्नाच्या अल्बमखाली बघ. आपल्या बायकांच्या डिग्र्या तिथेच सापडतात. पाच वर्षांची मुदत असते, पुढची नोंदणी निघाली की दोघांचे फॉर्म भरायचे. मी आठवण करीन."

"ती तुम्ही कराल, त्याची खात्री आहे मला. पण तोपर्यंत हॉलचं काय? मीच जाऊ का प्राचार्यांना भेटायला? पालक म्हणून?"

"खबरदार! आई हॉल मागायला आली असं कळलं, तर पोरगं कॉलेजात तोंड दाखवणार नाही. त्यांनाच लिहू दे अर्ज. सरळ लिहायचं, हॉल रात्री नऊपर्यंत हवा, अमुक तारखेपर्यंत हवा, कुलूप लावायची जबाबदारी आमची. आणि खाली सगळ्यांच्या सह्या. तुझ्या पोराची सही पहिली."

"त्याची? दिग्दर्शक ती मुलगी आहे, नायक तो कोण लांब केसांचा आहे."

"असू देत. हॉलची किल्ली कोण सांभाळणार? सगळे गेल्यावर पंखे, दिवे बंद करून शेवटी बाहेर कोण पडणार? बॅकस्टेजवाले. नायक काय, दिवे लागले की येतो!"