फुकटातला पंचेचाळिसावा मजला

तोक्योच्या शिंजुकू भागात महानगर सरकारच्या कचेरीत पंचेचाळिसाव्या मजल्यावर, 202 मीटर उंचीवर, चकटफू जाता येतं. पिशवी उघडून दाखवली की लिफ्ट हजर. कोणाकडे काम आहे, कोणाच्या ओळखीने आलात, काही विचारणा नाही. मंत्रालयाच्या पाससाठी ताटकळलेल्या माणसाला यात नक्की काहीतरी काळंबेरं वाटणार. वर पियानोसुद्धा ठेवलाय. साहेब नव्हे, येणाराजाणारा वाजवतो.

अर्थात फुकट म्हणजे बिल आधीच चुकतं झालेलं. केन्झो तांगे यांचे हे 243 मीटरचे जुळे मनोरे 1990 च्या सुमारास पुरे झाले, जपानात जमिनीचे भाव वेडेपिसे झाले होते तेव्हा. करदात्यांनी नाकं मुरडली, मग सवय झाली.

2024 पासून रात्री याच भिंतींवर झोत टाकून उमटवलेल्या चित्रांचा खेळ चालतो. अशा कायमस्वरूपी खेळांत जगात सर्वांत मोठा, म्हणून गिनेसची पावतीही मिळाली. आणि याच इमारतीच्या पायथ्याशी शनिवारी दुपारी स्वयंसेवी संस्था गरजूंना अन्नाची पाकिटं वाटतात. ती रांग मोठी की लहान, याची नोंद गिनेसने घेतलेली नाही. वर सगळे काचेला नाक लावून फुजी पर्वत शोधण्यात गुंतलेले.