हवा धरली का?

अवजड मालवाहू गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी तिची तपासणी करणं हे चालकाचं पहिलं कर्तव्य होय. पनवेलजवळ कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर, लोखंड बाजारात आणि न्हावा-शेव्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते रोज पहाटे पार पडतं. क्रम मात्र पुस्तकातल्यापेक्षा थोडा वेगळा असतो. आधी उदबत्ती, मग चहा, मग मालकाचा फोन, आणि वेळ उरलाच तर गाडी. यातली उदबत्तीची तपासणी सर्वांत कसोशीने होते. ती विझली तर लगेच पुन्हा पेटवतात. मागचा डावा दिवा विझलेला असेल, तर तो आपला आपण पेटण्याची वाट पाहिली जाते.

तपासणीची सुरुवात गाडीभोवती फेरी मारून करावी. टायर, चाकांचे नट, पाटे, दिवे, आरसे, इंजिनाखाली सांडलेलं तेल, लादलेल्या मालाच्या साखळ्या हे सगळं या फेरीत येतं. टायर बघण्याचं काम परंपरेने क्लीनरकडे असतं. तो टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरला एक फटका मारतो. हवा असेल तर टॉमी टणकन उसळते, नसेल तर भद्द आवाज येतो. जोडचाकांपैकी बाहेरचा टायर समोर असल्याने त्याला रोज मार बसतो. आतला टायर एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखा असतो. तो बसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्याचा भार शेजारचा मुकाट्याने वाहतो.

यानंतर ब्रेक. मोटारीत ब्रेकचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो, अवजड ट्रकमध्ये दाबलेल्या हवेतून. मूळ कल्पना रेल्वेची. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 मध्ये एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. पहिल्या रचनेत नळीत हवा सोडली की ब्रेक लागे. म्हणजे नळी तुटली की ब्रेकही गेला. काही वर्षांतच त्याने व्यवस्था उलटी केली आणि नळीतली हवा गेली की ब्रेक आपोआप लागू लागला. ट्रकने दोन्ही रीती ठेवल्या आहेत. पायाखालचा ब्रेक हवेच्या जोराने लागतो. हँडब्रेक मात्र मागच्या चेंबरमधली दणकट स्प्रिंग लावते आणि तिला मागे रेटून धरण्याचं काम हवा करते. हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. म्हणून रात्रभर उभ्या गाडीची हवा गळून गेली असेल, तर मालकाचा फोन कितीही चढ्या आवाजात आला तरी ती जागची हलत नाही. मालकाचं न ऐकणारा हा ताफ्यातला एकमेव घटक असावा.

तपासणीची रीत सोपी आहे. चाकाला दगड लावावा, इंजिन चालू करून काटा सात-आठ बारपर्यंत चढू द्यावा. हवेची टाकी भरली की फुस्स असा आवाज होऊन जादा हवा बाहेर पडते. मग इंजिन बंद करावं, हँडब्रेक सोडावा, पायाचा ब्रेक दाबून मिनिटभर धरून ठेवावा आणि काट्याकडे बघत कान द्यावा. अमेरिकेत या मिनिटात एकेरी ट्रकचा दाब चौरस इंचामागे तीन पौंडांपेक्षा आणि ट्रेलर जोडलेल्याचा चार पौंडांपेक्षा जास्त उतरलेला चालत नाही, आणि परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराला ही तपासणी परीक्षकासमोर बोलून दाखवावी लागते. कळंबोलीत कान देण्याची अडचण अशी, की शेजारी दुसरा ट्रक रिव्हर्सचं गाणं वाजवत मागे येत असतो. तिथे साबणाचा फेस कामाला येतो. सांध्याला फेस लावला की गळती बुडबुड्यांनी दिसते. त्याच वेळी टाकीच्या आडोशाला क्लीनरची आंघोळ चालू असते, त्यामुळे फेस आयता मिळतो.

"उस्ताद, हवा सुटतेय."

"सुटू दे. गाडी पळायला लागली की भरते."

हे उत्तर अगदीच खोटं नाही. हवा भरणारा कॉम्प्रेसर लहानसहान गळती भरून काढतो. पण उतारावर पाय वारंवार ब्रेकवर पडू लागला की त्याला ते झेपत नाही. म्हणून पुढची पायरी: चावी चालू, इंजिन बंद ठेवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा. दाब साधारण चार-पाच बारच्या आसपास आला की लाल दिवा लागून बझर वाजला पाहिजे. तो न वाजण्याची कारणं दोन असतात. एक, हवा पुरेशी आहे. दुसरं, झोपमोड होते म्हणून कोणीतरी वायर काढून ठेवली आहे.

टाकीतलं पाणी काढणं हे पनवेलच्या पावसाळ्यात विशेष महत्त्वाचं. कॉम्प्रेसर बाहेरचीच हवा ओढतो, आणि जुलैत ती हवा कमी आणि पाणी जास्त असते. एअर ड्रायर थकला की ते टाकीच्या तळाशी साचतं. खालची कडी ओढली की तेलकट, ताकाच्या रंगाची पिचकारी निघते. ती नेमकी ओढणाऱ्याच्या बाहीत जाते, त्यामुळे धुतलेला शर्ट घातलेल्या दिवशी हे काम होत नाही. ट्रेलर असेल तर लाल आणि पिवळी अशा दोन्ही नळ्या नीट बसल्या आहेत का ते बघावं. लाल नळी ट्रेलरला हवा पुरवते, पिवळी ब्रेकचा हुकूम पोचवते.

या सगळ्या तपासणीची एक गंमत आहे. पनवेलहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला पुढे बोरघाटाचा चढ लागतो, आणि चढावर ब्रेकचं काम फारसं पडत नाही. खरी परीक्षा परतीच्या उतारावर, तपासणीच्या वेळेपासून बरीच दूर. हे रेल्वेने फार आधी ओळखलं. याच घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला, चढ 37 फुटांना एक फूट. उतरणाऱ्या गाडीला वाटेत थांबून ब्रेक धरतात हे सिद्ध करावं लागतं. नाही थांबली तर रूळ तिला चढत्या आडमार्गावर नेतात. घाटातल्या द्रुतगती मार्गावर मात्र ट्रकच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

म्हणून लोणावळ्याला थांबून ब्रेक पुन्हा बघावेत, आणि घाट चढताना वापरलेल्या खालच्या गिअरमध्येच उतरावा, म्हणजे वेग इंजिन आवरून धरतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर सरकतो, आणि काटा आठ बार दाखवत असतानाही ब्रेक लागत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'ब्रेक निकामी झाल्याने' असं छापून येतं. वाचलेल्या डिझेलचा आकडा बातमीत नसतो. घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबली, की ब्रेक ठीक होते असं धरून तपासणी पूर्ण झाली असं मानत. आता फास्टॅगमुळे तिथेही धड थांबावं लागत नाही, तेव्हा निकाल कळंबोलीच्या सिग्नलपर्यंत लांबणीवर पडतो.