तीन सिलिंडर, तीन काका

खडकीत राहायचं आणि इंजिनातलं काही कळत नाही म्हणायचं, हे चालत नाही. इथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. लष्कराचं ५१२ बेस वर्कशॉप आहे, बॉम्बे सॅपर्स आहेत, आणि किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली इथेच सुरू झाली. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जी ज्येष्ठ मंडळी बसतात, ती गुडघ्यांबद्दल बोलत नाहीत. गुडघ्याचा विषय निघालाच तर तो 'बेअरिंग प्ले'च्या अंगाने निघतो. मी बँकेतला माणूस. माझ्या हाताला आयुष्यात वंगण लागलं ते फक्त स्टॅम्पपॅडच्या शाईचं, तेही वंगण नव्हे.

माझी गाडी म्हणजे जुनी, कार्ब्युरेटरवाली मारुती आठशे. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी ज्या गाडीची पहिली किल्ली दिली, तिच्याच वंशातली. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. हेच इंजिन ओम्नीलाही, म्हणून सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळतात. गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण ही इंजिनं काही थांबली नाहीत. त्यांचा दोष असलाच तर एकच: ती तक्रार करत नाहीत. आणि न कुरकुरता काम करणाऱ्याची आपण काय किंमत ठेवतो, हे कुठल्याही बँकेतल्या शिपायाला विचारा.

माझं मेंटेनन्सचं शास्त्र सुटसुटीत होतं. ऑईलची पट्टी काढायची. तिला ऑईल लागलं की ऑईल आहे. ते डांबरासारखं काळं असलं तर माझं समाधान जास्त, कारण ठळक दिसायचं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. ते हिरवं कूलंट म्हणजे बर्फाळ मुलखातल्या लोकांची चैन, असं माझं मत होतं. त्याने गंज रोखला जातो, पाणी उशिरा उकळतं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत थर धरतात, ही माहिती मला पुढे एका दुपारी तीन वेगवेगळ्या आवाजांत एकाच वेळी मिळाली.

बाकी सगळी देखभाल दसऱ्याला. त्यात मात्र हयगय नाही. फडक्याने पुसणं, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हार. त्या वर्षी झेंडू स्वस्त होता. मी एवढा घसघशीत हार आणला की दोनदा दुमडूनही जाळी पूर्ण झाकली गेली. सोसायटीत माझ्या गाडीसारखी सजलेली दुसरी गाडी नव्हती. सणानंतर हार काढायचा असतो हे मला माहीत होतं, पण वाळलेल्या हारालाही एक शोभा असते असं मला वाटायचं. शिवाय आधीच्या वर्षांच्या पाकळ्या जाळीमागे होत्याच. परंपरा मी खंडित होऊ दिली नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन. सासूबाई तळेगावहून लोकलने यायच्या होत्या. मी खडकी स्टेशनवर हजर. त्या मागे बसल्या, पिशवीतून चकल्यांचा डबा निघाला, आणि आम्ही बाजारात शिरलो. पुढे रस्त्याचं कुठलंसं काम निघालेलं. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. चालत्या गाडीला समोरून वारा लागतो, अडकलेल्या गाडीला फक्त रेडिएटरमागचा पंखा असतो, आणि त्या पंख्यालाही हवा ओढायची ती पुढूनच. पुढे झेंडू.

तापमानाचा काटा वर सरकू लागला. एच या अक्षरापर्यंत गेला. एच म्हणजे हाय, आणि पेट्रोलचा काटा वर असला की आपल्याला बरंच वाटतं, म्हणून मला विशेष काही वाटलं नाही.

"जावईबापू, कसला हो वास?" सासूबाई म्हणाल्या.

"खडकी आहे ही," मी म्हणालो. "दारूचा वास यायचाच."

मला दारूगोळ्याचा म्हणायचं होतं. पण तेवढ्यात सिग्नल सुटला आणि वाक्य तसंच राहिलं. ते पुढे तळेगावात बरंच फिरलं.

तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं असतं, तर सगळं प्रकरण चहाच्या खर्चात मिटलं असतं. पण घर समोरच होतं, आणि घर समोर असताना थांबणं पुणेकराच्या स्वभावात नाही. सोसायटीच्या फाटकात इंजिनाने दोन आचके दिले, बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली आणि गाडी थांबली.

खडकीत वाहनं फसण्याचा इतिहास जुना आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी मराठ्यांचं घोडदळ इंग्रजांवर चालून जात असताना इथल्याच माळावर दलदलीत अडकलं, आणि बाजीराव ते पर्वतीवरून पाहत होते. माझी बायको तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहत होती. फरक इतकाच की बाजीरावांच्या सासूबाई घोड्यावर मागे बसलेल्या नव्हत्या.

बाकावरची मंडळी उठली. इतक्या चपळाईने मी त्यांना हळदीकुंकवाच्या फराळाकडेही जाताना पाहिलेलं नाही.

"बॉनेट उघड," किर्लोस्करमधून निवृत्त झालेले डिझेलकाका म्हणाले.

मी खटका शोधू लागलो. स्टिअरिंगखाली, सीटखाली, दाराच्या कप्प्यात. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या वर्कशॉपकाकांनी मला बाजूला सारून तो पाहताक्षणी ओढला. माझ्या गाडीत अशी सोय आहे हे मला नव्याने कळलं.

रेडिएटरचं झाकण दिसताच मी रुमाल घेऊन पुढे झालो. एवढं तर मला कळत होतं: तापलंय, पाणी घाला.

"हात लावू नकोस!" दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका ओरडले. "प्रेशर आहे! सगळे मागे! वहिनी, तुम्हीपण!" त्यांनी सासूबाईंसकट सर्वांना बाकापर्यंत हटवलं. मग सावकाश समजावलं की ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही, आणखी पंधरा-वीस अंश तग धरतं. अशा वेळी झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन तुझ्या चेहऱ्यावर. चाळीस वर्षांच्या नोकरीचा त्यांना इतका थेट उपयोग बहुधा निवृत्तीनंतर प्रथमच झाला असावा. ते फार प्रसन्न दिसत होते.

इंजिन निवेपर्यंत निदान सुरू झालं. डिझेलकाकांचं म्हणणं मुळावर होतं. ज्या इंजिनाला पेटायला ठिणगी लागते त्याचा भरवसा काय धरायचा? डिझेलमध्ये हवाच इतकी दाबतात की इंधन आपसूक पेटतं. त्यांच्या मते मी गाडी घेतानाच फसलो होतो. वर्कशॉपकाकांचं आयुष्य चिलखती गाड्यांत गेलेलं. टी-७२ रणगाड्याला बारा सिलिंडर असतात हे त्यांनी माझ्या तीन सिलिंडरांकडे पाहत सांगितलं. मला उगाच घरची माणसं कमी असल्यासारखं वाटलं. दारूगोळाकाकांना पंपात पेट्रोलची वाफ झाल्याचा संशय होता. त्यांनी पंपावर ओला फडका टाकायला लावला. फडका म्हणून माझा रुमाल गेला.

तासाभराने सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, पण एका सिलिंडरवर मिसिंग, आणि मागून धूर. आता वाद रंगाचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असेल तर ऑईल जळतंय, पांढरा असेल तर पाणी. एक म्हणाले निळसर, एक म्हणाले पांढरा, तिसऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. माझं मत कोणी विचारलं नाही. मी तरीही "राखाडी" म्हणालो. कोणी वळूनही पाहिलं नाही.

शेवटी गाडी दोरी बांधून गॅरेजात गेली. तिन्ही काका सोबत. उस्तादाने धुराकडे पाहिलं नाही, काट्याकडे पाहिलं नाही. ऑईल भरायचं झाकण काढून उलटं केलं. आत पिवळट, फेसाळ लगदा.

"पाणी ऑईलमध्ये गेलंय. हेड गॅस्केट उडाली."

हेड अॅल्युमिनियमचं असतं, फार तापलं की वाकतं, मग मधली गॅस्केट सोडते आणि पाण्याची वाट ऑईलच्या वाटेला मिळते. हेड उतरवून फेसिंग, नवी गॅस्केट, ऑईल, फिल्टर, कूलंट. उस्ताद बोटं मोडत होता आणि मी मनात फिक्स्ड डिपॉझिट मोडत होतो.

"पण तापलीच का?" वर्कशॉपकाकांनी विचारलं.

उस्ताद गाडीच्या पुढे गेला. हाराला हात लावला, तो कुरकुरला. ओढून काढला. मागे रेडिएटरच्या पत्र्यांत पाकळ्या, धूळ, आणि दोऱ्यासकट एक वाळकी मिरची. त्याने जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि पोऱ्याला बसवलं. पोऱ्या ब्रश मारत राहिला आणि सोबत वर्षंही सांगत राहिला: "हा ह्या वर्षीचा. हा जुना. हा तर नोटाबंदीच्या आधीचा दिसतोय."

काकांपैकी कोणी काही बोललं नाही. ते मला जास्त लागलं.

गाडी तयार झाली त्या दिवशी तिघंही ट्रायलला आले. होळकर पुलापर्यंत जाऊन परत, काच खाली, रेडिओ बंद, बोलायचं नाही. तिघंही डोळे मिटून इंजिन ऐकत होते. पुलावर डिझेलकाका म्हणाले, मागच्या माउंटिंगचा थरथराट आहे. वर्कशॉपकाकांना बेल्ट ऐकू आला. दारूगोळाकाकांनी एक्झॉस्ट म्हटलं. मग तिघंही माझ्याकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या मताची कोणी वाट पाहत होतं.

मी मान किंचित तिरकी केली, भुवया आवळल्या आणि म्हणालो, "टॅपेट."

मागे शांतता पसरली. मग वर्कशॉपकाका हळूच म्हणाले, "अरे, खरंच की. हलकी टकटक आहे." डिझेलकाकांनी दुजोरा दिला. दारूगोळाकाका म्हणाले, यू-टर्न घे, गरम आहे तोवरच सेटिंग करून घेऊ.

उस्तादाने पुन्हा व्हॉल्व्हचं कव्हर उघडलं, फीलर गेज घातला आणि दर व्हॉल्व्हला मान हलवत गेला. सगळं बरोबर होतं. त्याने मजुरी मात्र लावली.